टेरिपॅराटाइड पेन: औषधाला पूर्ण गुण, कार्ट्रिजला नाही

पावसाळ्यात पेनचं बटण अडकलं आणि त्यावरून जे रामायण झालं, तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. टेरिपॅराटाइड म्हणजे हाडं फार ठिसूळ झालेल्यांना पेनमधून रोज टोचून द्यायचं औषध. माझ्यापुरतं सांगायचं तर वय ६६, राहायला चिपळूणजवळ. तांदळाचं पोतं सरकवताना पाठीत कळ आली, एक्स-रेमध्ये मणका दबलेला निघाला, आणि लेकीकडे पुण्याला जाऊन डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी केली, तर मणक्याचा टी-स्कोर उणे ३.४ (तरुण निरोगी हाडाशी तुलना, जितका उणे तितकं हाड विरळ). मणका मोडलेला आणि स्कोर इतका खाली, म्हणून डॉक्टरांनी आठवड्याच्या गोळीऐवजी सरळ हेच सुरू केलं. गोळी हाडांची झीज थोपवते, हे नवीन हाड घडवतं. रोज २० मायक्रोग्रॅम, पोटावर किंवा मांडीवर. सुरू करून वर्ष उलटून गेलं.

टोचण्याची भीती बाळगू नका. ह्यांना इन्सुलिन चालू आहे, त्याच जातीच्या सुया ह्या पेनला बसतात, शंभराचा डबा आणला की दोघांना पुरतो. दर वेळी नवी सुई, आणि टोचून झालं की काढून जाड प्लास्टिकच्या बरणीत. सुई लावून पेन फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. मी रात्री जेवणानंतर पलंगावर बसून घेते, कारण सुरुवातीला टोचून लगेच उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पहिल्या काही डोसांना असं होऊ शकतं, हे सूचनापत्रकात लिहिलेलं आहे, पण बारीक इंग्रजीत. हे औषध घेणाऱ्यांत साठी-सत्तरीच्या बायका किती असतात! त्यांना अंधारी येऊन पडायला झालं तर ज्या हाडांसाठी औषध घ्यायचं तीच मोडायची. मराठीत एक पान छापायला कंपनीला काय जड आहे?

आता माझा मुख्य मुद्दा, आणि घरचे म्हणतात की मी तो फार ताणते. ताणणारच.

मला सुरुवातीला जे दिलं ते परत वापरायचं पेन आणि त्यात घालायचं ३ मिलीचं कार्ट्रिज, म्हणजे औषधाची नळी. त्यात औषध ७५० मायक्रोग्रॅम. रोजच्या २० ने भागा, साडेसदतीस डोस होतात. पण कार्ट्रिज एकदा सुरू केलं की २८ दिवसांनी टाकून द्यायचं. म्हणजे जवळजवळ पाव औषध कचऱ्यात. त्यातलं थोडं हवा काढताना जातं हे धरलं तरी उरलेलं नुसत्या डोळ्यांना दिसतं. २८ दिवसांची मर्यादा मला मान्य आहे. रोज सुई टोचून उघडलेलं औषध, रोज फ्रिजमधून आत-बाहेर, कधीतरी थांबावंच लागणार. डॉक्टरांनीही बजावलं की एकोणतिसाव्या दिवशी त्यातला थेंबसुद्धा घ्यायचा नाही, आणि मी घेतलेला नाही. माझं भांडण मर्यादेशी नाही. वापरायला २८ दिवसच मिळणार असतील तर तेवढंच भरा आणि किंमत तशी लावा! शिवाय २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षाला बारा नाही, तेरा कार्ट्रिजं लागतात. दोन वर्षांच्या कोर्सला सव्वीस. महिन्याच्या हिशोबाने पैसे बाजूला ठेवणाऱ्यांनी हे तेरावं आधीच धरून ठेवावं. मला एक कार्ट्रिज साडेचार हजारांना पडत होतं.

आणि मग बटण अडकलं. डोस लावला, सुई आत, बटण अर्ध्यावर जाऊन थांबलं. सुई बदलली, तरी तेच. आत किती गेलं हे कळायला मार्ग नाही, आणि एका दिवसात दुसरा डोस घ्यायचा नसतो, त्यामुळे तो दिवस सोडून दिला. औषधवाला म्हणाला, "काकी, पेन आम्ही विकत नाही, ते कंपनीचं." कंपनीच्या नंबरवर फोन केला तर बॅच नंबर पाठवा, पेनचा फोटो पाठवा, डॉक्टरांची चिठ्ठी पाठवा. सगळं पाठवलं. रोज नवीन माणूस फोन उचलणार आणि मी पहिल्यापासून सांगणार. नवीन पेन आलं ते आठवडा उलटून गेल्यावर. पेनचे पैसे घेतले नाहीत, ते खरं. पण उघडलेल्या कार्ट्रिजचे दिवस तेवढ्यात संपत आले होते. ते भरून द्या म्हटलं तर उत्तर आलं की औषधात दोष नाही, त्यामुळे बदलून मिळणार नाही. पेन तुमचं, अडकलं तुमचं, आणि वाया गेलेले दिवस माझे?

पेनचा हिशोब मी उन्हाळ्यापासून थोडा थोडा टिपून ठेवत होते आणि तेव्हा मत असं होतं की परत वापरायचं पेनच स्वस्त, तेच घ्या. ते मत आता बदललंय. डॉक्टरांना विचारून मी दुसऱ्या कंपनीचं भरलेलं पेन सुरू केलं, २.४ मिलीचं, संपलं की पेनसकट टाकायचं. त्यात ६०० मायक्रोग्रॅम असतं, हिशोबाने तीस डोस, वापरायचे २८. वाया जातं ते नावापुरतं. मला ते बावन्नशेला मिळतं, म्हणजे दिवसाला पंचवीस रुपये जास्त. हे पंचवीस रुपये मला जड वाटतात. पण पेन बिघडलंच तर औषधवाल्याकडून दुसरं आणता येतं, कुणाच्या फोनची वाट बघावी लागत नाही. गावात राहणाऱ्यांनी हेच घ्यावं.

फ्रिजचं सांगायलाच हवं. २ ते ८ अंश लागतं, आणि एकदा गोठलं तर औषध गेलं. आमचा फ्रिज एका दाराचा, वरच्या खणात बर्फाचा कप्पा लागूनच. मी साधा फ्रिजचा थर्मामीटर आणून दोन-तीन ठिकाणी ठेवून बघितला. भाजीच्या वरचा खण, मागच्या भिंतीपासून पुढे, ही जागा बरोबर निघाली. कोकणात पावसात लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही, म्हणून बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवते आणि पेन तिला चिकटू देत नाही. पुण्याला जातानाही हीच व्यवस्था.

गुण? वर्षाने त्याच मशीनवर डेक्सा केला, मणका उणे २.९. खुब्यात फारसा फरक नाही, तिथे हळू येतो म्हणाले. नवीन फ्रॅक्चर नाही. दबलेला मणका परत उभा राहत नाही, गेलेली उंचीही येत नाही, ती आशा धरू नका. पण पूर्वी ओट्याशी उभं राहून भाकऱ्या थापून होत नव्हत्या, आता होतात. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात अधूनमधून. रक्तातलं कॅल्शियम तपासत राहावं लागतं. गावातल्या शिबिरात टाचेवर मशीन लावून आकडा देतात, त्यावरून औषधाचा गुण ठरवू नका, त्यासाठी डेक्साच.

आणि कोर्स संपला म्हणजे सुटलो असं नाही. हे बंद करून पुढे काहीच घेतलं नाही तर कमावलेलं हाड परत जातं. मला हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा कळलं. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन हा एक पर्याय आहे, पण त्याची तारीख चुकली तर हाड झपाट्याने उतरतं आणि मणके मोडू शकतात. पावसात आमचा घाट बंद पडतो, तारखेची खात्री मी कशाच्या जोरावर देऊ? म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड, हाडांची झीज थोपवणारं औषध, घ्यायचं ठरलंय. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) आणि ड जीवनसत्त्व तपासायचं आहे. पेनांचे पैसे संपतील त्याच महिन्यात हा खर्च येतो, तो आतापासून वेगळा काढते आहे.