आईच्या लुगड्यांची गोधडी: शिवून देणाऱ्या केंद्राचा अनुभव

आई गेल्यानंतर तिची सहा सुती नऊवारी लुगडी दोन वर्षे ट्रंकेत पडून होती. आजी असती तर उन्हाळ्यात, शेतातली कामे उरकल्यावर, तिने ती ओसरीवर अंथरून शेजारच्या चौघींना दोरे भरायला बोलावले असते. माझ्या हाताला ती सवय नाही आणि पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तेवढी मोकळी जमीनही नाही. म्हणून ग्राहकांच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या हाताने शिवून देणाऱ्या, शहराबाहेरच्या एका महिला केंद्राकडे मी ती लुगडी सोपवली. केंद्राचे नाव देत नाही, कारण माझी तक्रार अशा इतर केंद्रांनाही लागू पडेल असे वाटते. गोधडी घरी येऊन आठ महिने झाले आणि घटस्थापनेआधीची मोठी धुणीही तिने सोसली, तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही.

शिवण उत्तम आहे. धावदोऱ्याच्या दोन ओळींत जेमतेम एक बोट अंतर आहे आणि टाका वरून जितका दिसतो तितकाच खालूनही दिसतो, याचा अर्थ प्रत्येक वेळी सुई सगळ्या थरांतून आरपार गेली आहे. कडेपासून सुरुवात करून चारही बाजूंनी फिरत मध्यापर्यंत येण्याची जुनी पद्धत येथे पाळली जाते. या पद्धतीत हात जरा घाईचा असला तर सैल कापड ढकलले जाऊन मधोमध गोळा होते आणि गोधडीला पोट सुटते. माझ्या गोधडीत तसे कोठेही झालेले नाही.

कापडाच्या निवडीबाबतही त्या बायकांचे ज्ञान पक्के आहे. लुगड्यांबरोबर मी आईच्या दोन सिंथेटिक साड्याही नेल्या होत्या. काम पाहणाऱ्या मावशींनी त्या हातात घेऊन लगेच परत केल्या. "ताई, ही साडी आत सरकत राहते आणि घामही टिपत नाही. हिची पिशवी शिवा," असे त्या म्हणाल्या. मन थोडे खट्टू झाले, पण सल्ला बरोबर होता. पिंजलेल्या कापसाची रजाई धुतली की आतल्या कापसाचे गोळे होण्याची भीती असते. गोधडीत थरावर थर निव्वळ कापडच असल्याने ती दगडावर आपटून धुतली तरी चालते. अर्थात ते कापड धुण्याने मऊ झालेले सूतच असावे लागते.

माझी तक्रार वरच्या थराविषयी आहे. आईच्या इरकली लुगड्याचा लाल-पांढरा पदर मला गोधडीच्या मध्यभागी अखंड हवा होता आणि तसे मी तोंडी सांगितलेही होते. प्रत्यक्षात त्याचे सहा-सहा इंचांचे चौकोन कापून ते बुद्धिबळाच्या पटासारखे सगळीकडे पेरले गेले. दुकानात टांगायला ते देखणे दिसते. आमच्या घरच्या गोधड्यांत मात्र तुकडा जोडला जाई तो कापड अपुरे पडले किंवा फाटले तर. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याची चौपदरी घडी घातली की दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात, पण पन्हा सव्वा मीटरच्या आसपास भरत असल्याने मोठ्या माणसाच्या गोधडीला बाजूने पट्टी जोडावीच लागते. जोड यायचा तो तेवढ्यासाठी. उगाच पाडलेल्या चौकोनांमुळे प्रत्येक सांध्याच्या आतल्या बाजूला दुमडलेल्या कापडाची जाड रेघ राहते, ती झोपेत पाठीला लागते, आणि पहिल्याच धुण्यात उसवले ते यांतलेच दोन सांधे. केंद्राने ते विनामूल्य शिवून दिले, हेही नोंदवायला हवे. पण कापलेला पदर पुन्हा अखंड होत नाही.

एकेरी गोधडीला शिलाईचे 2,400 रुपये पडले. एवढ्या पैशांत यंत्रावर शिवलेल्या दोन दोहरी येतील, असे माझ्या भावाचे म्हणणे आहे. परंतु दोघींनी आठ दिवस बसून केलेल्या कामाचा हा मोबदला मला तरी जास्त वाटत नाही. तीन आठवड्यांचा वायदा पाच आठवड्यांवर गेला, तेवढे गृहीत धरावे.

कापड देताना थरांचा क्रम कागदावर लिहून द्यावा, असे मी सुचवीन. सर्वांत मऊ लुगडे अंगाकडच्या बाजूला, विरलेले आणि ठिगळांचे कापड पोटात, आणि टिकाऊ ते वर, हा आजीचा हिशेब होता. कोणते लुगडे किती विरले आहे हे नेसणाऱ्या घरालाच ठाऊक असते. केंद्रात ते सगळे नुसते सुती कापड असते.

दुसरी गोधडी मी त्यांच्याकडेच टाकली आहे. या वेळी आजीची जुनी, फाटलेली गोधडी न उसवता तशीच पोटात घालून तिच्यावर दोन्ही बाजूंनी आईची उरलेली लुगडी चढवायची आहेत. मावशींनी आधी नकार दिला, कारण इतक्या जाडीतून सुई ओढताना बोटे सोलवटतात. मग दोन ओळींत एकाऐवजी दोन बोटांचे अंतर ठेवायचे आणि 600 रुपये जास्त घ्यायचे, यावर आमचे जमले. चौकोन पाडायचे नाहीत, हे मी पावतीवरच लिहून घेतले आहे.