फिनलंडच्या जंगलातल्या दुधी अळंब्या: टोपलीत कोणती घ्यावी?

सप्टेंबरात लेकाकडे फिनलंडला जाणारे नागपूरकर आता कमी नाहीत. लोकांच्या घराचं आवार सोडलं तर तिथल्या जंगलात अळंबी वेचायला कुणाला विचारावं लागत नाही, त्यामुळे मोह होतोच. पण सात्या, म्हणजे आपल्याकडच्या वारुळावरच्या अळंब्या, ओळखायचा अनुभव तिथे चालत नाही. आपण वारूळ बघतो. तिथे वाळवीच नाही. तिथे टोपीखालची पाती नखाने खरवडायची आणि पाझरणारं दूध बघायचं.

दूध गाजरासारखं केशरी आलं तर ती लेप्पॅरोउस्कु. नवख्याने हिच्यावरच थांबावं. पाइनखालच्या जातीच्या देठावर खळगे असतात. स्प्रूसखालच्या जातीचं दूध थोड्या वेळात लालभडक होतं आणि ती जास्त हिरवी पडते. पण दोन्ही खायच्याच, तेव्हा त्यात फार डोकं शिणवू नका. हिरवे डाग म्हणजे सडकी नव्हे. देठ कापून अळ्या मात्र बघा. उकळावी लागत नाही, लोण्यात परतली की झालं. खाल्ल्यावर लघवी लालसर दिसू शकते. आधी माहीत असलेलं बरं, परदेशात उगाच धावपळ नको.

कांगासरोउस्कु विटकरी तपकिरी, टोपीच्या मधोमध बारीकसं टोक, दूध पांढरं. हिचा तिखटपणा सावजी रश्शासारखा, पहिल्या क्षणी काहीच नाही आणि मग घसा धरतो. फिनिश लोक भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून, मग मिठात मुरवतात. एवढी खटपट करायची तयारी असेल तरच घ्या.

बर्चखाली गुलाबीसर, काठाला लोकर असलेली दिसली तर रंगाला भुलू नका. तिचंही दूध पांढरंच, तीही तिखटजाळ.

आपल्या माणसाची खरी फसगत लाक्रित्सिरोउस्कुपाशी होते. ओलसर, शेवाळलेल्या जमिनीवरची ही फिकट तपकिरी अळंबी चक्क मेथीसारखी दरवळते, वाळवली की आणखीच. वास घरचा वाटला तरी ती विषारी आहे, पोट बिघडवते. दूध पाण्यासारखं, बिनरंगी.

फोनवरचं अ‍ॅप वरून काढलेल्या फोटोवर नाव सांगतं, दुधाचा रंग त्याला कुठून कळणार? पहिल्या खेपेला फक्त केशरी दुधाच्या घ्या, आणि त्याही चुलीवर चढवण्याआधी तिथल्या एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा.