मुलाच्या नावाची गोष्टीची पुस्तके : नाव झाकून वाचून पाहावीत

मुखपृष्ठावर मुलाचे नाव, आत प्रत्येक पानावर तेच मूल नायक किंवा नायिका, आणि सोबत त्याच्यासारखे केस व चष्मा असलेले चित्र, अशी पुस्तके मागणीप्रमाणे छापून देणाऱ्या सेवा आता बऱ्याच झाल्या आहेत. भेट म्हणून या पुस्तकांना नावे ठेवण्याजोगे फारसे काही नाही, कारण पुस्तक उघडल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते त्यातच बहुतेकांचे पैसे वसूल होतात. मात्र त्यांच्या जाहिरातीत आणखी एक दावा हमखास असतो : या पुस्तकांमुळे चार ते सहा वर्षांचे मूल लवकर वाचू लागते. बालवर्गात शिकवत असल्यामुळे आणि घरी वाचायला शिकणारी भाची असल्यामुळे अशी अनेक पुस्तके माझ्या हातांखालून गेली आहेत, आणि हे परीक्षण त्या एका दाव्यापुरते आहे. कोणत्याही प्रकाशनाचे नाव येथे घेतलेले नाही, कारण या पुस्तकांचे गुणदोष प्रकाशनानुसार कमी आणि प्रकारानुसार जास्त बदलतात.

दावा अगदीच हवेतला नाही. स्वतःच्या नावाची ओढ माणसाला फार लवकर लागते. साडेचार महिन्यांची बाळे इतर नावांपेक्षा स्वतःचे नाव अधिक वेळ लक्ष देऊन ऐकतात, असे मँडेल, जुस्चिक आणि पिसोनी या संशोधकांनी 1995 मध्ये दाखवून दिले. अक्षरओळख सुरू होते तेव्हा मुलांना स्वतःच्या नावाचे आद्याक्षर इतर अक्षरांच्या आधी येते, हे ट्रीमन आणि ब्रॉडरिक यांच्या 1998 च्या अभ्यासातून पुढे आले, आणि बालवर्गात शिकवणाऱ्या कोणालाही त्याचे आश्चर्य वाटणार नाही. नतालिया कुचिरकोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2014 मध्ये असे आढळले की पुस्तकाच्या ज्या भागांत मुलाशी संबंधित मजकूर होता, त्या भागांतले नवे शब्द मुलांनी अधिक चांगले आत्मसात केले. जाहिराती याच स्वरूपाच्या निष्कर्षांवर उभ्या असतात, पण एक गोष्ट सोयीस्करपणे गाळतात : कुचिरकोवा यांचा अभ्यास मोठ्यांनी वाचून दाखवलेले पुस्तक ऐकणाऱ्या लहान मुलांच्या शब्दसंग्रहाचा आहे, स्वतः अक्षरे लावून वाचण्याचा नाही.

हा फरक किरकोळ नाही. गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडल्याप्रमाणे वाचनाला दोन गोष्टी लागतात, छापलेल्या खुणांवरून शब्द उलगडणे आणि उलगडलेल्या शब्दांचा अर्थ कळणे, आणि यातली एक शून्य असेल तर दुसरी कितीही चांगली असून उपयोग होत नाही. नावाचे पुस्तक दुसऱ्या गोष्टीला हातभार लावते. पहिलीला लावेलच असे नाही, कारण वाचता न येणारे मूलही स्वतःचे नाव ओळखते. ते अक्षरे जोडून ओळखत नाही, एकसंध आकृती म्हणून ओळखते. त्यामुळे प्रत्येक पानावरचा तो एक शब्द मुलाला आयताच मिळालेला असतो, आणि आईवडिलांना मात्र वाटते की मूल वाचू लागले.

एका देखण्या पुस्तकातले वाक्य असे होते : ‘मीरा नदीच्या काठावर पोहोचली आणि समोरचे अद्भुत दृश्य पाहून थक्क झाली.’ मोठ्या गटातल्या मुलीने बोट ठेवून ‘मीरा’ म्हटले, ‘नदी’पर्यंत जेमतेम मजल मारली, मग बोट सोडून चित्राकडे पाहिले आणि ‘मीरा पाण्यात मासे बघते’ असे ठणकावून सांगितले. वाक्य तिने छान रचले होते, पण ते पानावर नव्हते. दुसऱ्या, दिसायला साध्या पुस्तकात एका पानावर एवढेच होते : ‘मीरा, वर बघ. घरावर कोण? कावळा.’ येथे तिला अडखळावे लागले, ‘घरावर’ या शब्दाशी दोनदा थांबावे लागले, पण वाक्य शेवटपर्यंत तिने स्वतः नेले. म्हणून अशा पुस्तकाची पारख करताना मी नावावर कागदाची पट्टी ठेवते. उरलेल्या ओळीत मुलाला लावता येईल असे काही उरत असेल आणि गोष्टीला नावाविना काही चव असेल, तर पुस्तक वाचनासाठी उपयोगाचे. बाजारातली बहुतेक पुस्तके या पट्टीखाली टिकत नाहीत, कारण ती मुळात मोठ्यांनी वाचून दाखवण्यासाठी लिहिलेली असतात : प्रत्येक पानावर आठ-दहा ओळी, यमके जुळवण्यासाठी ओढून आणलेले शब्द, आणि जोडाक्षरांची रेलचेल.

मराठीत या धंद्याची खरी परीक्षा व्याकरण घेते. इंग्रजी वाक्यात एक नाव काढून दुसरे टाकले की बहुतांशी काम भागते. मराठीत नाव बदलले की क्रियापदही बदलते आणि नावाला प्रत्यय चिकटतात. साच्यात फक्त नावाची जागा मोकळी ठेवणाऱ्या सेवांकडून ‘मीरा झाडाखाली बसला’ किंवा ‘ओम ने दार उघडले’ अशी वाक्ये छापून आलेली मी पाहिली आहेत. मोठा माणूस हसून पुढे जाईल, पण ज्या मुलाला शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेच अजून शिकायचे आहे, त्याच्यासमोर ‘ने’ सुटा पडलेला असणे ही छपाईची किरकोळ चूक म्हणता येत नाही. काही लेखकांनी यातून मार्ग काढला आहे. ते मुलाला थेट हाक मारतात आणि ‘मीरा, बघ’, ‘ओम, ऐक’ अशा आज्ञार्थी वाक्यांवर गोष्ट चालवतात. नावाला प्रत्यय लागत नाही आणि लिंगाचा प्रश्न उद्भवत नाही. गोष्ट थोडी सूचनांसारखी होते हे खरे, तरी चुकीच्या मराठीपेक्षा ते केव्हाही बरे. मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी स्वतंत्र मजकूर लिहून घेणाऱ्या सेवा थोड्या आहेत, आणि त्यांच्या पुस्तकांतली भाषा लगेच वेगळी जाणवते. मागणी नोंदवताना अर्जात फक्त नाव आणि चित्रासाठी केसांची लांबी विचारली जात असेल, तर सावध व्हावे.

नावातल्या प्रत्येक अक्षरासाठी एक प्राणी किंवा वस्तू आणून गोष्ट रचणारा प्रकार मला कल्पना म्हणून सर्वांत जास्त आवडतो, कारण त्यात नाव ही शोभेची गोष्ट न राहता अभ्यासाची गोष्ट होते. ‘समीर’साठी ससा, मीठ आणि रथ येतात, आणि मुलाला प्रथमच कळते की आपले नाव म्हणजे एक आकृती नसून तीन तुकडे आहेत. पण मराठीत ही कल्पना राबवणे सोपे नाही. ‘मृणाल’ नावाच्या मुलीला ‘णा’ने सुरू होणारा प्राणी कुठून आणून देणार? अंकलिपीने ‘ण’साठी बाण आणि ‘ळ’साठी बाळ घेऊन हा पेच केव्हाच सोडवला होता, या पुस्तकांच्या कर्त्यांनी अंकलिपी उघडून पाहिली असती तर ‘ण’च्या जागी गुपचूप ‘न’ छापण्याची वेळ आली नसती. नावाच्या लांबीचाही प्रश्न असतो. ‘ईरा’ची गोष्ट सुरू होते न होते तोच संपते, म्हणून पुढची पाने रंगवण्यासाठी रिकामी सोडलेली असतात. ‘श्रेयस’चे पहिलेच अक्षर बालवर्गात न शिकवले जाणारे जोडाक्षर असते, आणि तेथे ‘श्रे’ फोडून न सांगता तसेच एक अक्षर म्हणून दाखवणेच योग्य, कारण मूल ते रोज आपल्या वहीवर तसेच पाहत असते.

छायाचित्रावरून चेहरा तयार करणाऱ्या पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगते. मुलांना ती सुरुवातीला फार आवडतात. पण संगणकाने आपोआप काढलेल्या चित्रांत तोच चेहरा चौथ्या पानावर वेगळा दिसला की ‘हा मी नाही’ अशी तक्रार येते आणि मूल गोष्ट सोडून चेहरे तपासत बसते. वाचनाला या चेहऱ्याचा फायदा झालेला मला दिसला नाही. शिवाय मुलाचे नाव, छायाचित्र, जन्मतारीख आणि कधी कधी शाळेचे नावही आपण अनोळखी संकेतस्थळाला देत असतो. नावावर गोष्ट चालत असताना जन्मतारखेची गरज काय, हे विचारायला हरकत नाही, आणि छपाईनंतर छायाचित्र काढून टाकले जाते की नाही हे अटींत स्पष्ट लिहिलेले नसेल तर छायाचित्राचा पर्याय सोडून द्यावा.

छपाईकडे मात्र बारकाईने पाहावे. प्रत्येक प्रत वेगळी असल्याने ही पुस्तके डिजिटल यंत्रावर एकेक छापली जातात, त्यामुळे ती नेहमीच्या गोष्टीच्या पुस्तकापेक्षा महाग असतात. ते समजण्यासारखे आहे. समजण्यासारखे नाही ते असे की बाकीचा मजकूर नीट आणि फक्त मुलाचे नाव मोडलेले. नाव यंत्र ऐन वेळी भरते, आणि टंक (फाँट) धड नसेल तर ‘आदित्य’ची ऱ्हस्व वेलांटी ‘द’च्या आधी येण्याऐवजी मागे जाते आणि ‘त्य’चे पाय मोडलेला ‘त्’ आणि सुटा ‘य’ असे दोन तुकडे होतात. ज्या एका शब्दासाठी पुस्तक घेतले तोच चुकीचा छापला जातो, आणि मूल तो तसाच गिरवते. पैसे देण्यापूर्वी सगळी पाने पडद्यावर दाखवणारी सेवाच निवडावी, आणि त्या पानांत नावाची प्रत्येक जागा मोठी करून पाहावी. अक्षरे ठसठशीत, शब्दांमधली जागा मोकळी आणि मजकूर चित्रावर न पसरता पांढऱ्या पट्ट्यात असावा. गडद निळ्या आकाशावर पांढऱ्या नक्षीदार अक्षरांत छापलेली ओळ नवशिक्या डोळ्यांना अनुस्वार आणि चांदणी यांत फरक करू देत नाही. बांधणी पक्की हवी, कारण आवडले तर हे पुस्तक रोज उघडले जाणार.

खरे तर मुलाला केंद्रस्थानी ठेवून वाचन शिकवण्याचा याहून जुना आणि बिनखर्चाचा मार्ग आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर मुलांनी स्वतः सांगितलेले, त्यांच्या जिव्हाळ्याचे शब्द कार्डांवर लिहून देत आणि त्यांवरूनच वाचन सुरू करत. मुलाने सांगितलेली तीन वाक्ये त्याच्यासमोर कागदावर उतरवली, त्याला चित्र काढू दिले आणि पाने टाचली, तर त्या पुस्तकात नावच नव्हे तर शब्दही त्याचेच असतात, आणि व्याकरणाचा साचा चुकण्याचा प्रश्नच येत नाही. छापील पुस्तकांना त्याच्याशी बरोबरी करता येत नाही. पण संध्याकाळी थकलेल्या आईवडिलांना हे रोज जमेलच असेही नाही.

तेव्हा खरेदीचा विचार असेल तर माझा कौल असा : अक्षरे नुकतीच ओळखू लागलेल्या मुलासाठी नावातल्या अक्षरांवर रचलेले पुस्तक, नाव साध्या अक्षरांचे असल्यास. छोटे शब्द लावू लागलेल्या मुलासाठी पानावर एक-दोन छोटी वाक्ये असलेले, हाक मारून बोलणारे पुस्तक, मग चित्रे थोडी साधी असली तरी चालतील. लांबलचक पद्यातली देखणी पुस्तके झोपताना वाचून दाखवण्यासाठी खुशाल घ्यावीत, मात्र त्यांच्या मुखपृष्ठावर ‘स्वतः वाचा’ असे छापलेले असेल तर तिकडे दुर्लक्ष करावे. आणि असे पुस्तक एकच पुरे; दुसऱ्याच्या वेळी त्याच पैशांत दुसऱ्या कोणाच्या तरी गोष्टीची तीन-चार साधी पुस्तके येतात.