कोविनचं परदेश प्रवासाचं लस प्रमाणपत्र: क्यूआर भक्कम, नावाची बाजू लंगडी

कोविन या सरकारी कोरोना-लसीकरण पोर्टलवरचं जून २०२१ च्या आधीचं प्रमाणपत्र परदेशी जाणाऱ्याच्या फारसं उपयोगाचं नव्हतं. त्यावर बहुतेकांच्या आधारचे शेवटचे चार आकडे आणि वय असायचं. चेक-इन काउंटरवरच्या माणसाला ते पासपोर्टशी ताडून बघताच येत नव्हतं. पासपोर्ट क्रमांक जोडायची सोय झाली आणि कागदाला वजन आलं.

कृती सोपी होती. मोबाइल आणि ओटीपीने लॉगिन, 'रेज ॲन इश्यू', त्यात 'ॲड पासपोर्ट डिटेल्स', यादीतून व्यक्ती निवडून क्रमांक टाकायचा की नवी पीडीएफ तयार. ना अर्ज, ना शुल्क, ना रांग. सरकारी कामात हे विरळाच. गोची दोन ठिकाणी व्हायची. एका मोबाइलवर चार जणांची नोंदणी चालायची, त्यामुळे घाईत आईचा पासपोर्ट बाबांच्या नावावर चढायचा. आणि भारतीय पासपोर्टचा क्रमांक म्हणजे एक अक्षर आणि सात अंक, हे लक्षात न घेता शून्याच्या जागी 'ओ' टाइप व्हायचा.

खरा घोळ नावाचा. केंद्रावर नाव आधारवरून चढवलं जायचं: कुठे नाव-वडिलांचं नाव-आडनाव, कुठे नुसतं नाव आणि आडनाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा पहिल्या नावाला चिकटलेलं. लग्नानंतर आधार बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा राहिला, अशांची तर पंचाईतच. नाव, जन्मवर्ष आणि लिंग यांपैकी दोनच गोष्टी सुधारता यायच्या, त्याही एकदाच. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी पासपोर्ट समोर ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवायचं, मग क्रमांक जोडायचा, शेवटी नवी पीडीएफ उतरवायची. हा इशारा पानावर ठळक हवा होता. लाखो लोक वापरणाऱ्या यंत्रणेत दुरुस्तीची एकच संधी ठेवणं हा निव्वळ हट्ट वाटतो.

प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख येण्यासाठी सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत थांबावं लागलं. तोवर ब्रिटनने कोविशील्ड मान्य केली होती, पण भारताचं प्रमाणपत्र नाही. लस चालते आणि कागद चालत नाही, असा तो प्रकार. ११ ऑक्टोबरपासून तो तिढा सुटला. कोव्हॅक्सिनवाल्यांची अडचण मात्र वेगळी होती. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ ला आली, तोवर कागद कितीही नीटनेटका असला तरी बऱ्याच देशांत उपयोग नव्हता.

क्यूआरला मात्र पैकीच्या पैकी गुण. त्यात नुसती लिंक नव्हती, डिजिटल सही केलेली माहितीच होती. कोविनच्या पडताळणी पानावर स्कॅन केलं की नाव आणि डोस समोर, खाडाखोड लगेच उघडी पडायची. माहिती जास्त म्हणून चौकोन दाट. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत किंवा पाकिटात मावेल इतकी छोटी छपाई वाचली न जाण्याची भीती. चकचकीत लॅमिनेशनवर दिवा चमकला तरी तीच रड. ए-४ वर पूर्ण आकारात छापलेली प्रत आणि फोनमध्ये मूळ पीडीएफ, एवढं पुरायचं.

विद्यार्थ्यांसाठी कोविशील्डच्या दोन डोसमधलं ८४ दिवसांचं अंतर ही मोठी धोंड होती. जून २०२१ मध्ये शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घ्यायची मुभा मिळाली. मुंबईत त्याआधीच कस्तुरबा, राजावाडी आणि कूपर रुग्णालयांत परदेशी शिकायला जाणाऱ्यांना थेट जाऊन लस घेता येत होती. ती व्यवस्था पोर्टलपेक्षा जास्त कामी आली, असं आमचं मत.

यंत्रणा पूर्ण नापास झाली ती मिश्र डोसांत. पहिला इथे, दुसरा दुबईत किंवा लंडनमध्ये घेतला असेल तर परदेशातला डोस कोविनवर चढवायची सोयच नव्हती. खातं 'अंशतः लसीकरण' दाखवत राहायचं. १४ फेब्रुवारी २०२२ पासून ठरावीक देशांतून भारतात येताना 'एअर सुविधा' या प्रवाशांच्या ऑनलाइन अर्जात आरटी-पीसीआरऐवजी पूर्ण लसीकरणाचं प्रमाणपत्र चालू लागलं, तेव्हा या लोकांना ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल जोडणं हाच बिनघोर मार्ग उरला.