नाताळची घरगुती सजावट : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या नाताळात मुलांना घेऊन झाडासाठी बरंच काही घरी केलं होतं. फोटो पाहून मैत्रिणींनी लगेच कृती मागितल्या, पण तेव्हा दिल्या नाहीत. आम्ही वसईला, समुद्रापासून फार लांब नाही. इथे कुठलीही वस्तू टिकते की नाही हे जुलैत कळतं. डिसेंबरात सगळंच छान दिसतं. आता पावसाळा संपलाय, पोटमाळ्यावरचे डबे खाली आलेत, म्हणून सविस्तर लिहितेय. पुण्या-नाशिकच्या वाचकांनी माझे निकाल थोडे सौम्य करून घ्यावेत. कोकणपट्टीच्या आणि गोव्याच्या लोकांनी मात्र जसेच्या तसे घ्यावेत.

थोरली तेव्हा सहाची होती, धाकटा साडेतीनचा. हे सांगणं गरजेचं आहे, कारण ‘लहान मुलांसाठी सोपं’ असं लिहिलेल्या निम्म्या गोष्टी प्रत्यक्षात आईसाठी असतात.

सुरुवात मिठाच्या पिठापासून, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं आणि चांगलं मळायचं. जाडं मीठ घेतलं तर पृष्ठभागावर खडे दिसतात. दुधाची पिशवी कापून पोळपाटावर पसरायची, वर लाटायचं, पुरीपेक्षा जाड. कापायला वेगळे साचे विकत घेऊ नका. स्टीलची वाटी, बाटल्यांची झाकणं आणि नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, कातण एवढ्यात सगळं होतं. कातणाने कापलेल्या ताऱ्याला जी नागमोडी कड येते ती विकतच्या साच्याला येत नाही. धाकट्याला कातण फिरवण्याचा एवढा नाद लागला की नेवऱ्यांच्या वेळी ते त्याच्याकडून काढून घ्यावं लागलं. दोरा ओवायचं भोक ओलं असतानाच स्ट्रॉने पाडायचं, कडेपासून बोटभर आत. ओव्हनमध्ये १०० अंशांवर दोन-तीन तास. जास्त आंच दिली तर पुरीसारखं फुगतं. ओव्हन नसेल तर डिसेंबरचं ऊन चालतं, पण चार-पाच दिवस रोज उलटावं लागतं आणि संध्याकाळी आत आणावं लागतं, नाहीतर दव पडतं.

मुलांच्या हाताला हे पीठ फारच छान. चिकटत नाही, चुकलं तर पुन्हा गोळा करता येतं, पंजाचा ठसा स्वच्छ उमटतो. धाकट्याचा पंजा झाडावर लागला तेव्हा घरातल्या सगळ्या आज्या विरघळल्या. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चारेक आठवड्यांच्या, पहिल्या रविवारपासून सहा जानेवारीपर्यंत, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत, एकाही तुकड्याने त्रास दिला नाही.

जून उजाडला आणि या तुकड्यांना घाम फुटला. हे अक्षरशः घ्या. पृष्ठभागावर पाण्याचे थेंब, खाली पुठ्ठा ओला. कारण साधं आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतः विरघळायला लागतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे का घालतो, त्याचंच हे मोठं रूप. ही कृती जिथे रुळली त्या जर्मनीत किंवा अमेरिकेत हिवाळ्यात घरं तापवलेली आणि कोरडी ठणठणीत असतात. तिकडच्या माणसाला ही अडचण जाणवण्याचं कारण नाही.

मी मुद्दाम तीन प्रकार करून ठेवले होते. काही तुकडे नुसते पोस्टर कलरने रंगवलेले, काहींना फक्त पुढून वॉर्निश, काहींना पुढून, मागून, कडांना आणि भोकाच्या आतसुद्धा. पहिल्यांचा चिखल झाला. दुसऱ्या प्रकारात पुढची बाजू चकचकीत आणि मागून भिजलेल्या बिस्किटासारखं. दोरा भोकातून कड फाडून बाहेर आला. तिसरे टिकले, थोडे मऊ पडले होते, पण चार दिवस उन्हात ठेवल्यावर पुन्हा कडक झाले. पंजाचा ठसा या तिसऱ्या गटात होता, देवाची कृपा. तेव्हा मिठाचं पीठ करायचं असेल तर आठवण म्हणून जपायच्या एक-दोन वस्तूच करा आणि त्यांना सगळीकडून दोन-तीन हात वॉर्निश द्या. वॉर्निश मोठ्यांनी, खिडकी उघडी ठेवून. बाकीचे तुकडे जानेवारीत निरोप द्यायचा या हिशेबाने करा. आणखी एक, घरात कुत्रा असेल तर हे तुकडे झाडाच्या खालच्या फांद्यांना लावू नका. एवढं मीठ कुत्र्याच्या पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. साडेतीन वर्षांचा मुलगाही चाटून बघतोच, पण एकदा चाटल्यावर पुन्हा चाटत नाही.

आता माझ्या आवडीचा प्रकार, सोड्याचा गोळा. एक वाटी खायचा सोडा, अर्धी वाटी कॉर्नफ्लॉवर, पाऊण वाटी पाणी. खायचा सोडा म्हणजे भजीत घालतो तो. बेकिंग पावडर चालत नाही आणि धुण्याच्या सोड्याला तर मुलांचा हातही लागता कामा नये. कॉर्नफ्लॉवर म्हणजे सूपला दाटपणा आणायला वापरतो ती पांढरी शुभ्र पूड, मक्याचं पिवळं पीठ नव्हे. सगळं गार असतानाच एकत्र करून मध्यम आंचेवर ढवळत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही, नुसतं दुधासारखं पाणी. मग अचानक तळाशी गुठळ्या धरायला लागतात आणि मिनिटभरात उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखं दिसायला लागतं. तिथेच गॅस बंद. आणखी परतलं तर वाळताना तडे जातात. ओल्या फडक्याखाली गार करायचं आणि मग मळायचं. शिजवण्याचं काम मोठ्यांचं, मळण्यापासून पुढे मुलांचं.

याचा पांढरा रंग इतका स्वच्छ येतो की रंगवायची गरजच नाही. मिठाचं पीठ वाळल्यावर पिवळट-तपकिरी दिसतं, हे रांगोळीसारखं पांढरं. सावलीत, जाळीवर, दोन दिवस. उन्हात वाळवलं की कडा वर वळतात. पावसाळ्यात याला काहीही झालं नाही. खायचा सोडा हवेतलं पाणी मिठासारखं ओढत नाही. जून, जुलै, ऑगस्ट डब्यात काढून हे तुकडे ठेवले तसेच बाहेर आले, बुरशीचा डागही नाही. आत ओल राहता कामा नये, म्हणून फार जाड करायचं नाही, एवढंच पथ्य.

दोष एकच, फरशीवर पडलं की तुटतं. मिठाचं पीठ पडल्यावर टप्पा खातं, हे टिचतं. ताऱ्यांची टोकं सगळ्यात आधी गेली. यंदा फक्त गोल, बदाम आणि घंटा.

यातला सगळ्यात मजेचा भाग हळदीचा. गोळ्याचा एक भाग पिवळा करायला थोरलीने चिमूटभर हळद घातली आणि मळता मळता तो लालसर विटकरी झाला. हळदीच्या डागाला साबण लावल्यावर जे होतं तेच, सोडा अल्कधर्मी असल्यामुळे. धाकट्याने मग घरात दिसेल त्याला हळद लावून पाहिली. उशीचा अभ्रा अजून साक्षीला आहे. पण रंग टिकण्याच्या बाबतीत हळद कच्ची. खिडकीजवळच्या फांदीवरचे तुकडे नाताळ सरेपर्यंतच फिके पडले. कायमचा रंग हवा तर अ‍ॅक्रिलिकच.

न करताच मिळालेली सजावट सांगितली नाही तर हा अनुभव अपुरा राहील. भुईगाव, राजोडी, अर्नाळा, कुठल्याही किनाऱ्यावर भरती उतरल्यावर शिंपले बघा. काहींना वरच्या टोकाजवळ एक नेटकं गोल भोक असतं, ड्रिलने पाडावं तसं. वाळूत राहणारी एक शिकारी गोगलगाय शिंपल्याला असं भोक पाडून आतला जीव खाते. म्हणजे दोरा ओवायची सोय तयार. मुलांना ‘भोकवाले शोधा’ एवढं सांगितलं की दोन तास आपण मोकळे. घरी आणून दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवायचे, नाहीतर वास येतो. काळाचा, पावसाचा, मुलांचा, कशाचाही या शिंपल्यांवर परिणाम झालेला नाही. याच किनाऱ्यांवर सुरूच्या झाडाखाली छोटी काटेरी बोंडं पडलेली असतात. नाताळचं झाड म्हणून सुरूचाच डहाळा लावायची आपल्याकडची रीत, तर बोंडंही त्याचीच लावावीत. गोंडस दिसतात आणि पावसाळ्यात तसूभर बिघडली नाहीत. पण तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर बोंडं, मणी, छोटे शिंपले यातलं काहीच नको. तोंडात घालून घशात अडकेल अशा मापाच्या या वस्तू आहेत.

आमच्याच जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांनी ते कोसबाडला वाढवलं. पानं, बिया, शंख-शिंपले, माती हेच तिथल्या बालवाडीचं साहित्य. मुलांना हस्तकलेचं महागडं किट आणून देण्याआधी हे आठवावं.

कागदाबद्दल थोडक्यात. जुन्या लग्नपत्रिका टाकू नका. जाड कागद, सोनेरी छपाई, वर लाल-केशरी रंग, नाताळला अगदी जुळतो. साधे दुमडलेले तारे, साखळ्या, शंकू हे सहा वर्षांचं मूल एकटं करतं. चार पट्ट्या एकमेकींत विणून होणारा फ्रोबेल तारा फार देखणा, पण तो आठ-नऊ वर्षांच्या पुढच्यांसाठी. त्याला पट्टीची लांबी रुंदीच्या निदान पंचवीसपट लागते, म्हणून पत्रिका पुरत नाही, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं घ्यावी लागतात. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो त्या फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांची शाळा काढली, आजच्या बालवाड्यांचं मूळ तिथे जातं. आमच्या घरी मात्र तो मी केला आणि मुलांनी टांगला. चिकटवायला पिठाची खळ वापरू नका. खळीने चिकटवलेल्या साखळ्या कसर आणि झुरळांनी मिळून संपवल्या. पांढऱ्या गोंदाने चिकटवलेल्या शाबूत आहेत.

लोकरीचे गोंडे : काट्या-चमच्यातल्या काट्यावर लोकर गुंडाळायची, मध्ये घट्ट गाठ, कडा कापायच्या. पडले तरी काही होत नाही, भिजले तर वाळतात. पूर्ण गुण. संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या : इथल्या हवेत बुरशी, नादी लागू नका. पॉपकॉर्नच्या माळा : मुंग्यांना आमंत्रण. दालचिनी पूड आणि सफरचंदाच्या लगद्याचे तुकडे अमेरिकेत घरोघरी करतात, वास छान असणार, पण वाटीभर दालचिनी झाडाला टांगायची माझी तयारी नाही. त्यापेक्षा चक्रीफूल घ्या. तो तयार तारा आहे, दोरा बांधला की झालं, आणि पावसाळ्यानंतरही डब्याला मसाल्याचा वास येत होता.

चमकी आम्ही सुरुवातीला वापरली, आता घरातून हद्दपार केली. ती इस्टरपर्यंत जेवणाच्या ताटात सापडत होती. प्लास्टिकचीच बारीक भुकटी ती. युरोपीय संघाने अशा सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून बंदी आणली आहे. चमक हवीच असेल तर चॉकलेटची चांदी जपून ठेवा. छोट्या दिव्यांच्या माळेत बटणासारखे चपटे सेल असतील तर त्यांचं झाकण स्क्रूने बंद होणारंच घ्या. गिळलेला सेल अन्ननलिका काही तासांत जाळतो. या बाबतीत मी विनोद करत नाही.

साठवण : पुठ्ठ्याचे खोके बाद. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, आत वर्तमानपत्राचे थर, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या, आणि डबा मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर. डांबराच्या गोळ्या घालू नका. त्यातलं नॅफ्थलीन काही मुलांच्या रक्ताला अपायकारक ठरतं आणि गोळी दिसते खडीसाखरेसारखी.

खर्च म्हणाल तर सोडा, कॉर्नफ्लॉवर, मैदा, मीठ, गोंद मिळून दीड-दोनशे रुपये. अ‍ॅक्रिलिक रंग आणि वॉर्निश वेगळं. दुकानातला प्लास्टिकच्या गोळ्यांचा एक संच तेवढ्याला येतो आणि तो अर्थातच पावसाळा सहज काढतो, हेही कबूल केलं पाहिजे. फक्त तो करताना हळद लाल होत नाही.

आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या आसपास येतो. सोड्याचा गोळा त्याच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी-रविवारी करायला घ्या. वाळायला दोन दिवस, रंगाला दोन संध्याकाळी, आणि तुटलेलं पुन्हा करायला हाताशी दोन-तीन दिवस राहतात. ते लागतात.