"गोळ्यांशिवाय नॉर्मल आयुष्य" म्हणून आमवाताच्या पेशंटला लुटणाऱ्यांपासून सावध राहा

६२,९९९ रुपये गेले माझे. पैशाचं एकवेळ सोडून देईन, पण चांगली लागू पडलेली ट्रीटमेंट या लोकांनी मला बंद करायला लावली त्याचा संताप अजून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

मला रुमॅटॉइड आहे, आपण आमवात म्हणतो तो. निदान झालं तेव्हा सकाळी बोटं एवढी आखडायची की टूथपेस्टचं झाकण फिरवता यायचं नाही. मग आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी, सोबत फॉलिक अ‍ॅसिड, अधूनमधून रक्ताची तपासणी, एवढ्यावर सगळं सुरळीत झालं होतं. स्कूटी, ऑफिस, पोरांच्या मागे धावणं, सगळं चालू होतं. फक्त जो भेटेल तो म्हणायचा, "अगं बाई, आयुष्यभर गोळ्या? लिव्हरचं काय होणार?" रोज हे ऐकून माणूस आतून खचतो, आणि नेमकं हेच या लोकांना बरोबर ठाऊक असतं. त्यांच्या जाहिरातीत दुखण्याचं फारसं काही नव्हतंच, ट्रेकला गेलेल्या, नाचणाऱ्या बायका आणि वर मोठ्या अक्षरात "गोळ्यांशिवाय नॉर्मल आयुष्य".

आधी ४९९ ची ऑनलाइन कन्सल्टेशन, मग ३८,५०० चं पॅकेज. पुढचं तुम्हाला माहीतच असेल, ग्रुपमध्ये घेतात, तिथे रोज कुणाचा ना कुणाचा सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा रक्ताचा रिपोर्ट, नॉर्मल आलेला असतो. मेथोट्रेक्सेट पहिल्याच कॉलवर बंद करायला लावलं. काही आठवड्यांत सांधे परत सुजले तर म्हणे जुना आजार बाहेर पडतोय, चांगलं लक्षण आहे, आता डीटॉक्स करावं लागेल, १७,८००. कुठलाही "वैद्य" तुमच्या डॉक्टरांना न विचारता चालू गोळी बंद करायला सांगतो ना, तिथेच फोन ठेवा.

डीटॉक्सच्या पुड्या आल्या त्या साध्या चंदेरी पाकिटात, वर स्केचपेनने "स" आणि "रा" लिहिलेलं, म्हणजे सकाळ आणि रात्र. ना कंपनीचं नाव, ना लायसन्स नंबर, ना बॅच, ना तारीख. आणि दोनच दिवसांत दुखणं गायब!! इथे, अगदी इथे खटकायला हवं होतं. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला कित्येक आठवडे लागतात हे मला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, मग जडीबुटीची पूड दोन रात्रीत एवढा उतार कशी देईल? असं झटपट काम स्टेरॉइड करतं. पण शिकलेली असून कळलं नाही का, असं कुणी म्हणू नका. सुजलेल्या हाताची मूठ सकाळी सहज वळली की कुणी पाकीट उलटंपालटं करून लायसन्स शोधत बसत नाही, देवासमोर दिवा लावतो.

मग चेहरा गोल सुजला, कधी नव्हती ती शुगर वाढली. माझ्या रुमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे आमवाताच्या डॉक्टरांनी, तोंड बघूनच विचारलं, कुठली पुडी चालू आहे? स्वतःच्या खर्चाने लॅबमध्ये दिली, डेक्सामेथासोन निघालं, म्हणजे स्टेरॉइडच. आणि हे नीट वाचा, अशी पुडी घेत असाल तर संशय आला म्हणून एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करून बसलेलं असतं, अचानक थांबवलं तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करून देतात.

"१००% मनी बॅक" लेखी दिलं होतं म्हणून रिफंड मागितला, तर आधी जीएसटी म्हणून ६,२०० भरून घेतले आणि नंबर ब्लॉक. रिफंड द्यायला कुणी पैसे मागत नाही!

यापुढची कथा तर आणखी संतापजनक. पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, माल मिळालाय, ही दिवाणी बाब आहे. सायबरवाल्यांनी सांगितलं, वस्तू घरी आली म्हणजे ऑनलाइन फ्रॉडमध्ये बसत नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. औषध खात्याच्या साहेबांनी लॅबचा रिपोर्ट बाजूला सारला, पाकीट फोडलेलं आहे म्हणे, आणि कुरिअर परराज्यातून आलंय तर तिकडे तक्रार करा. न फोडता पुडी खायची कशी हो? १९५४ पासून जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह आहे, संधिवात आहे, नुसती बरं करण्याची जाहिरात केली तरी गुन्हा. शिक्षा काय, तर पहिल्यांदा जास्तीत जास्त सहा महिने, आणि तेवढ्यासाठी सुद्धा कुणी खुर्चीतून उठायला तयार नाही! ती जाहिरात आजही माझ्या मोबाईलवर येते.

पैसे कंपनीच्या नाही तर कुणा भलत्याच माणसाच्या बचत खात्यात मागितले तर देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच, त्याच तासात सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करा, उशीर झाला की ते पुढे वळते होतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

माझं मेथोट्रेक्सेट परत चालू झालंय, गुण यायला वेळ लागतोय. लायसन्स नंबर नसलेली अशी चंदेरी पाकिटं कुणाकडे असतील तर एक तरी न फोडता, कुरिअरच्या पावतीसकट जपून ठेवा. माझ्याकडे तेवढंच नव्हतं.