सहा महिने, तीन ट्रिपा, एक हट पास: न्यूझीलंडमध्ये गाइडशिवाय शिकार

एप्रिलमध्ये घेतलेला सहा महिन्यांचा बॅककंट्री हट पास (डोंगरातल्या सरकारी निवाऱ्यांत, म्हणजे ‘हट’मध्ये, राहण्याचा पास) परवा संपला. या काळात मी आणि माझा मेव्हणा ऑस्ट्रेलियाहून तीनदा न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला गेलो. दोघांनी मिळून दोन रेड डिअर आणि एक ताहर (रानबोकडासारखा डोंगरी प्राणी) मारला, बावीस रात्री डोंगरात काढल्या आणि गाइडला एक डॉलरही दिला नाही. म्हणून नुसत्या पासचाच नाही, या सगळ्या पद्धतीचाच अनुभव लिहितोय.

निकाल आधीच सांगून टाकतो. पासचे पैसे जेमतेम वसूल झाले, पद्धतीचे पुरेपूर. मात्र इथे स्वस्त पडते ती शिकार. मारलेलं जनावर खाली आणणं स्वस्त नाही, आणि हे मला पहिल्या ट्रिपच्या पाचव्या दिवशी कळलं.

शिकार एवढी स्वस्त का, ते आधी. न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणं, ताहर, शॅम्वा, सगळं बाहेरून आणून सोडलेलं, आणि आता ते तिथलं जंगल खाऊन टाकतंय. त्यामुळे सरकारी संवर्धन जमिनीवर बहुतेक ठिकाणी वर्षभर शिकार करता येते आणि किती मारायचं याला सहसा मर्यादा नसते. डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशनचं (तिथे सगळे नुसतं ‘डॉक’ म्हणतात) ओपन एरिया परमिट ऑनलाइन आणि फुकट मिळतं. ताहर तर आपल्या हिमालयातला. 1904 मध्ये तो माउंट कुकच्या परिसरात सोडला गेला. भारतात त्याला कायद्याचं कडक संरक्षण आहे, आणि इथे सरकारच हेलिकॉप्टरमधून त्याची संख्या कमी करतं. पहिल्यांदा दुर्बिणीत तो दिसला तेव्हा जरा विचित्रच वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता पास. डॉकच्या साडेनऊशेहून जास्त हट आहेत. बेसिक हट फुकट असतात. स्टँडर्ड आणि सर्व्हिस्ड हटना पैसे पडतात आणि पास कामी येतो तो तिथे. ग्रेट वॉकवरच्या हटना आणि आधी बुकिंग लागणाऱ्या काही हटना तो चालत नाही. दुसरं म्हणजे पास असला म्हणून गादी तुमची होत नाही, जो आधी पोचेल त्याची. एप्रिलमध्ये दुसऱ्या रात्री आम्ही अंधार पडल्यावर हटवर पोचलो तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर तंबू ठोकला. तेव्हा पास असो वा नसो, तंबू बरोबर हवाच. शिवाय बऱ्याच हटमध्ये गॅस नसतो, शेगडी आपली आपण न्यायची.

बावीस रात्रींपैकी नऊ आम्ही फुकटच्या बेसिक हटमध्ये काढल्या आणि चार तंबूत. जनावर जिथे आहे तिथल्या हट लहान, जुनाट आणि बहुधा फुकट असतात. पैशांच्या हट बहुतेक करून लोकप्रिय पायवाटांवर असतात आणि तिथे ट्रेकिंगवाल्यांची वर्दळ. एकच ट्रिप करणार असाल तर पास घेऊ नका, सुटे पैसे भरा.

कागदपत्रांमध्ये वेळ जातो तो रायफलच्या. परदेशी पाहुण्याला व्हिजिटर फायरआर्म्स लायसन्स लागतं आणि रायफल देशात आणण्यासाठी परवानगी वेगळी लागते. 2019 मध्ये क्राइस्टचर्चला झालेल्या हल्ल्यानंतर बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आली. साध्या बोल्ट अ‍ॅक्शनला (दर गोळीला हाताने खटका ओढावा लागणारी रायफल) काही अडचण येत नाही. विमानात गोळ्या न्यायच्या तर चेक-इन सामानातून, माणशी 5 किलोपर्यंत, आणि विमान कंपनीची आधी परवानगी घेऊन. मी ती कटकट नको म्हणून गोळ्या तिथेच विकत घेतल्या. ब्रँड तोच, वजन तेच, म्हणून रायफल पुन्हा झीरो करून (नेम नव्या गोळ्यांशी जुळवून) बघितली नाही. शुद्ध आळस. दोनशे मीटरवरचं पहिलं हरीण माझ्या गोळीच्या आवाजाने निघून गेलं, त्याला खरचटलंही नाही. नंतर कागदावर मारून पाहिलं तर गोळी चांगली वीतभर खाली लागत होती.

विमानतळावर वापरलेले बूट, तंबू, गेटर (पोटऱ्यांवर चढवायची आवरणं) सगळं जाहीर करायचं. ते न सांगता आढळलं तर जागच्या जागी 400 डॉलर दंड बसू शकतो. आम्ही निघण्याआधी बुटांचे तळवे टूथब्रशने घासले होते. अधिकाऱ्याने ते उलटे करून पाहिले आणि हसून परत दिले.

पहिली ट्रिप लुइस पासच्या रस्त्यावरच्या विंडी पॉइंटहून होप नदीच्या खोऱ्यात. मार्चअखेर ते एप्रिल हा नरांच्या माजाचा काळ, तिथे त्याला ‘रोअर’ म्हणतात. नर डरकाळ्या फोडतात आणि शिकारी नळीतून तसाच आवाज काढून त्यांना बोलावतात. तिसऱ्या दिवशी मेव्हण्याने आवाज दिला, समोरच्या धारेवरून उत्तर आलं. अर्धा तास हे चाललं. मग तो हळूच म्हणाला, “भाऊजी, हा नर खोकतोय.” समोर दुसरा शिकारी होता. हसलो खरं, पण त्यानंतर नारिंगी जॅकेट एकदाही काढलं नाही. पूर्ण जनावर स्पष्ट दिसल्याशिवाय बोट ट्रिगरवर ठेवायचं नाही, हा नियम तिथे सगळे पुन्हा पुन्हा का सांगतात ते त्या दिवशी समजलं.

पाचव्या दिवशी एका बाजूच्या घळीत तरुण नर मिळाला. हाडं काढून मांस साधारण 35 किलो भरलं. माझी सॅक साधी ट्रेकिंगची. ओलं मांस खाली सरकत जातं, सगळं वजन कंबरेच्या खाली लोंबतं आणि प्रत्येक पावलाला सॅक मागे ओढते. दोन फेऱ्या ठरल्या. पहिली फेरी करून आलो तोवर वायव्येचा वारा सुटला आणि मुख्य डोंगररांगेवर पाऊस सुरू झाला. आमच्या डोक्यावर थेंब नाही, पण सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी मांडीपर्यंत आला, रंग चहासारखा. न्यूझीलंडमध्ये एकेकाळी बुडून मरण्याला ‘इथलं मरण’ म्हणायचे, हे मी वाचलं होतं. ओढ्याच्या अलीकडच्या काठावरच थांबलो. एक रात्र, मग आणखी एक. खाणं एका दिवसाचं उरलेलं, पण सोबत ताजं मांस, त्यामुळे उपासमार नव्हती, नुसतीच थंडी होती. आधीच्या हटच्या वहीत आम्ही कुठे जातोय आणि कधी परतणार ते लिहून ठेवलं होतं, त्याचा त्या दोन रात्री फार आधार वाटला. भाड्याने घेतलेला लोकेटर बीकन (बटण दाबलं की बचाव पथकाला संदेश पाठवणारं यंत्र) सॅकमध्ये होता. तो दाबावा का, यावर आमचं खरोखर भांडण झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं आणि प्रश्न मिटला.

परतीच्या वाटेवरच्या हटमध्ये मांस वाटलं, उरलेलं क्राइस्टचर्चला एका मित्राच्या फ्रीजरमध्ये गेलं. हौशी शिकाऱ्याला ते विकता येत नाही, आणि विमानातून घरी नेण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. शिंगं मात्र उकळून, घासून, मांसाचा कण न ठेवता नेली.

दुसरी ट्रिप जूनअखेरीस, ताहरसाठी, टेकापोच्या वरच्या टू थम्ब रांगेत. दिवस लहान, बूट रात्री गोठतात, म्हणून ते स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचं. चालणं कमी, दुर्बीण जास्त. क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे बर्फातले खिळे) आणि आइस अ‍ॅक्स वापरता येत नसतील तर हिवाळ्यात जाऊ नका. आम्हाला दिसलेल्या नरांपैकी अर्धे अशा कड्यांवर होते की मारले असते तरी तिथेच सोडून यावं लागलं असतं. मिळाला तो एक, सहाव्या दिवशी, आणि तोही खाली आणता येईल अशा जागी येईपर्यंत आम्ही दोन तास बर्फात पडून होतो. मला तीच ट्रिप सर्वांत आवडली.

सप्टेंबरची ट्रिप सोपी. वसंतात हरणं संध्याकाळी नदीकाठच्या कोवळ्या गवतावर उतरतात, फार चढावं लागत नाही. फक्त निघण्याच्या आठवड्यात खोरं बदलावं लागलं. उंदीर-पोसम मारायला जंगलात 1080 नावाचं विष टाकतात आणि त्या भागातलं मांस खायचं नसतं. डॉक त्याची यादी नकाशासह देतं, आम्ही निवडलेलं खोरं त्यात होतं. विमानाचं तिकीट काढण्याआधी ती यादी बघा, आणि निघताना पुन्हा एकदा.

नकाशांसाठी लिंझ या सरकारी नकाशा खात्याचे टोपो50 वापरले, फुकट डाउनलोड होतात. पण 20 मीटरच्या समोच्च रेषांमध्ये पंधरा मीटरचा कडा आरामात लपतो. फोनवर एक प्रत आणि छापलेली एक, दोन्ही लागल्या. फोन थंडीत दोनदा बंद पडला.

तिन्ही ट्रिपांत निम्म्याहून जास्त खर्च विमान आणि भाड्याच्या गाडीचा होता. हटचा खर्च नगण्य.

पुढच्या एप्रिलचं ठरलंय. पास नाही, सुटे पैसे भरणार. त्या पैशांत आणखी थोडे घालून मांस वाहायच्या फ्रेमवाल्या दोन सॅक मागवल्या आहेत. मेव्हण्याने त्याच्या सॅकमध्ये 30 किलो तांदूळ भरून जिना चढायला सुरुवातही केली आहे.